माहुलीच्या दोरीचा बांध

शिबिराचा आदेश आला तेव्हा मी तापाने पडले होते. कुरखेडा तालुक्यातल्या त्या गावात शिक्षिका म्हणून रुजू झाल्यापासून हिवताप मला वर्षातून दोनदा तरी गाठायचा. मुख्याध्यापक खोलीच्या दाराशी आले, चपला न काढता बाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, गाईडचं शिबिर आहे. सिंदेवाहीकडं. आठ दिवस. तुमचं नाव दिलं."

"माझंच काऊन सर?"

"शाळेत बाई तुम्ही एकट्याच आहात."

मी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ होता. माझे यजमान चंद्रपूरच्या मोठ्या वीज केंद्रात नोकरीला होते आणि ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहत होते. मुलगी साडेचार वर्षांची, सासूबाईंजवळ. शनिवारी सकाळची शाळा आटोपली की मी सात किलोमीटर चालत डांबरी रस्त्याला लागायची, मिळेल त्या बसने चंद्रपूर गाठायची, आणि रविवारी दुपारी पुन्हा परतीची बस. पुढे पुढे ते दर शनिवारी जमेना. नवरा-बायकोला एका ठिकाणी नेमणूक द्यावी म्हणून तीन अर्ज केले होते. तिसऱ्या अर्जानंतर त्यांची चौकशी करणंही मी सोडून दिलं. त्या वर्षांतलं मला नीट आठवतं ते म्हणजे थकणं. सकाळी उठतानाच पाय दुखत असत.

शिबिर एका शाळेच्या आवारात होतं. जानेवारीतली थंडी, आणि चंद्रपूर-गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतल्या पन्नासेक शिक्षिका सतरंज्यांवर दाटीवाटीने झोपलेल्या. जवळजवळ प्रत्येकीचं कुणीतरी घरी होतं. शिकवायला एक मॅडम होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, काटक, निळी साडी घट्ट नेसलेल्या, आवाज अगदी बारीक. त्या कधी रागावल्या नाहीत. "पुन्हा," एवढंच म्हणायच्या.

दोन काठ्या एकमेकींवर आडव्या ठेवायच्या, उभ्या काठीला खुंट्याची गाठ मारून सुरुवात करायची, दोन्ही काठ्यांभोवती तीन वेढे, मग दोन काठ्यांच्या मधून दोरीवरच तीन वेढे आवळायचे आणि शेवटी पुन्हा गाठ. याला त्या चौकोनी बंधन म्हणत. फळ्यावर काढलं की सोपं दिसे. माझ्या हातून गाठ यायची, वेढेही यायचे, पण मॅडमनी काठी धरून जरा हलवली की सगळं लुळं पडायचं.

"पुन्हा."

मी सोडून पुन्हा बांधायची. तीन दिवस हेच चाललं. शेजारची बल्लारपूरकडची बाई कुजबुजत मला दाखवायची, मी मान हलवायची, आणि दोरी परत ढिली पडायची.

पाचव्या दिवशी चौघींचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला बसता येईल असा बाक बांधायला सांगितला. आमच्या बाकाचा एक कोपरा माझ्याकडे होता. दुपारी मॅडम एकेका बाकावर बसून पाहत होत्या. आमच्या बाकावर बसल्या, माझा कोपरा सरकला आणि त्या जमिनीवर आल्या. कुणी हसलं नाही. त्या उठल्या, साडी झटकली आणि सुटलेली दोरी हातात घेऊन पाहू लागल्या.

"वेढे बरोबर आहेत. गाठही बरोबर आहे. ताण नाही," त्या म्हणाल्या. "बाई, तुम्ही बांधताना निघायच्या घाईत असल्यासारखं बांधता. घरी कोण आहे?"

"मुलगी. साडेचार वर्षांची."

"मग घाई असणारच," त्या म्हणाल्या. "पण दोरीला ते कसं कळणार?"

बाकीच्या जेवायला गेल्या. मॅडमनी मला थांबवून घेतलं, काठीचं दुसरं टोक स्वतः धरलं आणि तो कोपरा माझ्याकडून बांधून घेतला. किती वेळा ते आठवत नाही. शेवटी त्या बसल्या आणि बाक हलला नाही. आम्ही जाऊन थंड झालेलं वरण जेवलो. शेवटच्या दिवशी सगळ्यांबरोबर मलाही प्रमाणपत्र मिळालं. ते मी पेटीत तळाशी ठेवलं.

गावात परतले तर शाळा तशीच होती. शाळेच्या पूर्वेला अर्ध्या किलोमीटरवर नाला, नाल्यापलीकडे तलाव, आणि तलावाच्या पाळीवर ढिवरांचा टोला. पंचवीस-तीस घरं. तलावात, नदीत मासे धरायचे, थोडी धानाची शेती, बाकी रोजमजुरी. टोल्यावरची पोरं शाळेत यायची, पण पाऊस लागला की नाल्याला पाणी यायचं आणि मुली यायच्या बंद व्हायच्या. मुलगे कपडे डोक्यावर धरून पाण्यातून येत. मुलींना कुणी पाठवत नसे, आणि त्यात चूक काही नव्हतं. जुलैपासून नवरात्रापर्यंत हजेरीपटावर टोल्यावरच्या मुलींपुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागायची. मुख्याध्यापकांनी नाल्यावर रपटा, म्हणजे बुटका पक्का पूल, व्हावा म्हणून वर दोन पत्रं पाठवली होती. त्यांची गत माझ्या अर्जांसारखीच झाली होती.

शिबिर केलं म्हणून गाईडचं पथक काढणं भाग होतं. तिसरी-चौथीच्या मुली घेतल्या, कुरखेड्याच्या बाजारातून नायलॉनची दोरी आणली, गावाला निस्तारात, म्हणजे वनखात्याकडून घरवापरासाठी, मिळालेल्या बांबूंतले चार तुकडे मागून आणले आणि शनिवारच्या शेवटच्या तासाला आवारात बांधणं शिकवायला लागले. पुस्तकात चपला ठेवायची मांडणी कशी बांधायची ते दिलं होतं. माझ्यासमोर बसलेल्या मुलींपैकी दोघींच्याच पायांत चपला होत्या.

अशाच एका शनिवारी टोल्यावरच्या एक बाई मासोळीची टोपली डोक्यावर घेऊन गावात विकायला चालल्या होत्या. साठीच्या जवळपास वय, सावळ्या, उंच, कासोट्याचं लुगडं. त्यांची नात माझ्याकडे तिसरीत होती. त्या आवाराच्या कुंपणाशी थांबल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"काय करून राह्यल्या बाई?"

"पोरींना बांधायला शिकवून राह्यली."

"कायले?"

त्यांनी टोपली खाली ठेवली, आत आल्या आणि मी बांधलेली फुली एका हाताने ओढली. नायलॉन सरकलं, काठ्या वेगळ्या झाल्या.

"हा बास कच्चा हाय," त्या म्हणाल्या. "वाळला का बारीक होते, मंग बांध ढिला पडते. अन् ह्या पिलास्टिकच्या दोराले पकड नाई. हे ढोराले बांधाले ठीक."

"मग कशानं बांधायचं?"

"माहुलीच्या सालीनं." माहूल म्हणजे आमच्याकडच्या रानात ऐन-मोहाच्या झाडांवर चढणारा, मांडीएवढा जाड होणारा वेल. पत्रावळींना त्याची पानं लागतात एवढंच मला ठाऊक होतं. त्या टोपली उचलायला वाकल्या आणि वाकूनच म्हणाल्या, "बांधाचंच हाय त नाल्यावर बांधा. पोट्ट्या तिकडंच अडकून राह्यते."

मी "पाहू" म्हटलं. खरं सांगायचं तर ती गोष्ट त्यांनी विसरावी असं मला वाटत होतं. मला आणखी एक काम नको होतं.

पुढच्या आठवड्यात त्या वर्गाच्या खिडकीशी आल्या. "बास पाण्यात टाकला, बाई. दोन महिने राहू द्या लागते, मंग भुंगा लागत नाई."

"कुणी सांगितलं टाकायला?"

"तुमी म्हटलं ना पाहू."

त्या मला बाई म्हणत, कारण मी शिक्षिका. मी त्यांना बाई म्हणे, कारण त्या वयाने मोठ्या. त्यांच्या सुनेला याचं हसू यायचं.

त्यांनी मला सांगितलं की त्यांचे सासरे होते तोवर नाल्यावर दरवर्षी कैच्यांचा पूल बांधत. दोन बांबू कैचीसारखे तिरपे उभे रोवायचे, जिथे ते एकमेकांना छेदतात तिथे बांध घालायचा, त्या बेचक्यातून चालायचे बांबू टाकायचे आणि वर धरायला एक आडवा बांबू. सासरे गेले, मग कुणीतरी मोठं लाकूड आणून आडवं टाकलं, एका पुरात ते वाहून गेलं, आणि त्यानंतर कुणी काही केलं नाही. "सासरा बांधे, मी दोर भिजवून दे. पाहून पाहून आलं मले."

मार्चपासून शाळा सकाळची झाली. साडेदहाला सुटली की मी स्वयंपाकाचा कंटाळा करून टोल्यावर जायची. पाळीवरच्या करंजाखाली त्या बसलेल्या असत. माहुलीची साल पाण्यात भिजवलेली असे. तिचा वास आंबूस, हाताला दोन दिवस राहणारा. ती दगडावर ठेचायची, वरचा कडक पापुद्रा काढून आतले धागे वेगळे करायचे आणि मांडीवर पीळ द्यायचा. पहिल्या आठवड्यात माझ्या मांडीची कातडी सोलून निघाली आणि बोटांना चिरा पडल्या. खडू धरताना दुखायचं.

बांधायला लागले तर इथेही तेच. वेढे बरोबर, गाठ बरोबर, ताण नाही. बाईंनी थोडा वेळ पाहिलं.

"हातानं काऊन ओढता?"

"मग कशानं ओढू?"

"कमरेनं." त्या उठल्या. एक पाय बांबूवर रोवला, ओली दोरी मुठीभोवती एकदा गुंडाळली आणि हात तसेच ठेवून सगळं अंग मागे टाकलं. दोरी करकरली. "हात फक्त धरते. ओढते ते अंग. परत्येक वेढ्याले."

मी पाय रोवला आणि मागे झुकले. दोरी पहिल्यांदाच माझ्या हाताखाली ताठ झाली. शिबिरात मॅडमनी आठ दिवस शिकवूनही जे कळलं नव्हतं ते कळलं, आणि मला वाईट वाटलं की त्यांना ते सांगता येणार नाही. मॅडमची सुरुवातीची गाठ मात्र मी सोडली नाही. टोल्यावरच्या बाई दोरीचं टोक नुसतं पिळून वेढ्याखाली दाबत. मी खुंट्याची गाठ मारून सुरू करायची आणि ओढायची त्यांच्यासारखं. त्यांनी ते पाहिलं आणि चालेल म्हणून सोडून दिलं.

ओली बांधलेली साल दोन दिवसांत वाळून लाकडासारखी कडक व्हायची. मग बांधावर उभं राहिलं तरी तो सरकत नसे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी गेले. पूल मात्र मृग लागण्याआधी, नाला कोरडा असतानाच बांधायचा होता. मे संपत आला तेव्हा मी यजमानांना म्हटलं, "मले आठ दिवस आधी जावं लागते."

"कायले?"

मी सांगितलं. ते रात्रपाळी करून आले होते, डोळे लाल होते. "पूल बांधाचा ठेका तुले कोणी देला?" ते म्हणाले. "इथी पोरगी वर्षभर वाट पाह्यते. सुट्टी लागली तं तवाही तू नाई."

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जाऊ दे तिले. जून लागला का ती जाणारच हाय. आठ दिवस आधी गेली एवढंच." त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मुलगी ओसरीवर ठिक्कर खेळत होती. तिने शेजारच्या मुलीला सांगितलं, "माझी आई परवा जाणार आहे," आणि पुढच्या घरात उडी मारली.

यजमान स्कूटरवर स्टँडपर्यंत सोडायला आले. बस लागल्यावर खिडकीशी उभे राहून एकदम म्हणाले, "कोणत्या दोरानं बांधता?"

"माहुलीच्या सालीच्या."

"नायलॉन नाई?"

"सरकते ते."

त्यांनी जरा विचार केला. "आमच्याकडं बी परांची काथ्यानंच बांधतात," ते म्हणाले. त्या महिन्यात आम्ही दोघं एकमेकांशी जे काही बोललो त्यातलं मला एवढंच आठवतं.

पुलाला पाच दिवस लागले. टोल्यावरच्या पुरुषांनी नाल्यात खड्डे खणून बांबू रोवले, बुडाशी दगड ठोकून बसवले. सहा कैच्या झाल्या. पहिले दोन बांध बाईंनी घातले, बाकीचे मी आणि त्यांच्या सुनेने. ऊन डोक्यावर आलं की तापल्या वाळूत पाय ठरत नसे. प्रत्येक बांध झाला की बाई त्यावर चढून उभ्या राहत. माझ्या चौथ्या कैचीवर उभ्या राहिल्या, खाली उतरल्या आणि तो बांध सोडून टाकला. मी पुन्हा घातला.

जुलैत टोल्यावरच्या अकरा मुली शाळेत यायला लागल्या. एका हाताने वरचा बांबू धरून, दुसऱ्या हाताने दप्तर डोक्यावर सांभाळत ओळीने येत. मला तेव्हा फार आनंद झाला असेल असं कुणालाही वाटेल. झालाही असेल. पण त्या महिन्यात मला पुन्हा ताप होता आणि मुली आल्या म्हणजे वर्ग दुप्पट झाला, वह्या दुप्पट झाल्या. मी हजेरी घेताना त्यांचं "हजर बाई" ऐकायची आणि पुढचं नाव घ्यायची.

ऑगस्टमध्ये तीन दिवस एकसारखा पाऊस झाला. पाणी चालायच्या बांबूपर्यंत चढलं तेव्हा आम्ही येणं-जाणं बंद केलं. चौथ्या दिवशी पाणी ओसरलं. पुरात वाहत आलेला एक ओंडका दुसऱ्या कैचीवर आदळला होता आणि तिचा बांध ढिला झाला होता. मधल्या सुट्टीत मी नाल्यावर गेले तर बाई पलीकडून पाण्यात उतरत होत्या. गुडघ्याच्या वर पाणी होतं. मी अलीकडून पुलावरून दुसऱ्या कैचीपर्यंत गेले आणि वरून भिजवलेली दोरी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी जुना बांध सोडला, पहिला वेढा घातला, बांबूवर पाय रोवला आणि अंग मागे टाकलं. बांबूवर शेवाळ धरलं होतं. पाय सटकला. त्या बाजूला पडल्या आणि डावा पाय दोन दगडांच्या मध्ये अडकून वळला. आवाज मला ऐकू आला.

मी उडी मारली. त्या पाण्यात बसल्या होत्या, चेहरा राखेसारखा झाला होता. दोरीचं टोक अजून त्यांच्या मुठीत होतं. ते माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "दोर सोडू नका, बाई. वेढा सुटन."

मी दोर धरला. काय करतेय ते न कळता तो वेढा दाबून गाठ मारली आणि मग त्यांना काखेत धरलं. तोवर सून धावत आली. दोघींनी मिळून त्यांना पाळीवर आणलं. नडगी मधेच वाकलेली दिसत होती. शिबिरात दाखवलं होतं तसं मी बांबूच्या कमच्या दोन्ही बाजूंनी लावल्या आणि लुगड्याच्या चिंध्यांनी पाय बांधला.

डांबरी रस्ता सात किलोमीटर, आणि मधली वाट पूर्ण चिखल. पुरुषांनी खाट आणली. एका लांब बांबूला खाटेचे चारही पाय दोरांनी टांगायचे आणि बांबू खांद्यावर घ्यायचा, अशी डोली करायची होती. चारही दोर मी बांधले, कारण कुणीतरी म्हटलं, "बाईले येते, बांधू द्या तिले." खाट उचलून पाहिली. बाई खाटेवर डोळे मिटून पडल्या होत्या. डोळे न उघडताच म्हणाल्या, "मांगचा डावा पाहा."

मागचा डावा खरंच ढिला होता. मी चिखलात पाय रोवून पुन्हा ओढला.

चार जण खांदा द्यायला, चार जण बदलीला. मी आणि सून मागून चाललो. मुख्याध्यापकांना निरोप पाठवला तर त्यांचं उत्तर आलं, "शाळेची काळजी करू नका, जा." बाई वाटेत दोनदाच कण्हल्या. रस्त्याला लागल्यावर एक जीप मिळाली. कुरखेड्याला पाय तपासला आणि तिथून पुढे गडचिरोलीला नेऊन प्लास्टर घातलं.

गडचिरोलीच्या दवाखान्यात व्हरांड्यात बसलेलो असताना सुनेने मला पाण्याचा गडू दिला आणि देता देता म्हणाली, "तुमच्या पुलापाई झालं हे, बाई." तिचा आवाज चढलेला नव्हता. मी "हो" म्हटलं आणि पाणी प्याले. तिने परत कधी तो विषय काढला नाही. टोल्यावर दुसरं कुणीही काही बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी मी गावात परतले. दुसऱ्या कैचीचा बांध माझ्या घाईच्या गाठीवर कसाबसा लोंबत होता. मुली पलीकडे उभ्या होत्या. मी साडी खोचून पाण्यात उतरले. टोल्यावरच्या दोन बायकांनी मला कमरेला धरून ठेवलं. मला भीती वाटत होती, दगडावर पाय ठेवताना प्रत्येक वेळी तो आवाज ऐकू यायचा. जुना दोर काढला आणि सबंध बांध पहिल्यापासून घातला. तिन्ही वेढे, मधले तीन, शेवटची गाठ. वर आले तेव्हा साडेबारा वाजले होते. मी ओल्या साडीनेच चौथीचा भूगोल शिकवला.

बाई दोन-अडीच महिने पडून होत्या. मी दिवसाआड जायची. पाय खाटेवर लांब ठेवून त्या जाळी विणत असत. एकदा मी म्हटलं, "बाई, माझ्यामुळं झालं."

"तलावात मी याच्या आंधी बी पडली हाय," त्या म्हणाल्या. "पडनं होतेच. बांध कसा हाय?"

"ठीक आहे."

"उभ्या राहून पाह्यलं?"

"पाह्यलं."

मग त्या जाळीकडे वळल्या. पाय जरा वाकडा जुळला. चालता यायचं, पण तो रोवून अंग मागे टाकणं त्यानंतर जमलं नाही.

पुढच्या वर्षी मेअखेरीला कैच्या पुन्हा बांधायच्या होत्या. या वेळी मी मुलीला बरोबर आणलं होतं. ती पाळीवर बाईंच्या नातीसोबत शिंपले गोळा करत होती. बाई काठावर एका दगडावर बसल्या होत्या आणि सून आणि मी बांधत होतो. बाई फारसं बोलल्या नाहीत. एकदा सुनेला म्हणाल्या, "कमरेनं." एकदा मला म्हणाल्या, "हं."

तीन कैच्या होऊन चौथी चालू होती त्या दिवशी दुपारी मुख्याध्यापक छत्री घेऊन नाल्यापर्यंत आले. हातात लिफाफा होता. "बाई, तुमचं काम झालं," ते म्हणाले. ऊर्जानगरपासून तीन किलोमीटरवरच्या शाळेत माझी बदली झाली होती. आठ दिवसांत हजर व्हायचं होतं.

मी हात साडीला पुसून कागद वाचला. चार वर्षं मी या कागदाची वाट पाहिली होती. आता तो हातात होता आणि मला फक्त झोप आली. मी कागद मुख्याध्यापकांना परत दिला, त्यांना म्हटलं तुमच्याजवळ ठेवा, भिजेल. सुरू केलेला बांध पूर्ण केला. उरलेल्या दोन कैच्या दुसऱ्या दिवशी सुनेने एकटीने बांधल्या, मी सामान आवरत होते.

निघताना टोल्यावर गेले. बाईंनी पळसाच्या पानात सुके झिंगे बांधून दिले. "पोरगी घेऊन जा आता घरी," त्या म्हणाल्या. "लय झालं तुमचं जाणं-येणं." बसमध्ये त्या झिंग्यांचा असा वास सुटला की शेजारची बाई उठून दुसऱ्या सीटवर गेली. मुलगी हसायला लागली, मग मीही हसले.

घरी आल्यावर सगळं लगेच जागेवर आलं असं झालं नाही. मुलगी कितीतरी महिने सासूबाईंजवळच झोपायची. मी तिच्या वेणीला हात लावला तर म्हणायची, "तुला तशी येत नाही." सासूबाई मग वेणी अर्धी घालून उठून जायच्या आणि उरलेली अर्धी मला घालावी लागायची. अशी दोन-तीन पावसाळ्यांत ती माझी झाली. थकवा गेला नाही, त्याची जागा तेवढी बदलली. नव्या शाळेत एका वर्गात सत्तर मुलं होती.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, दोन हजार साल उलटून गेल्यावर, एका परीक्षेच्या कामासाठी मला कुरखेड्याला जावं लागलं. काम सकाळीच संपलं. मी ओळखीच्या एका शिक्षकांच्या मोटरसायकलवर मागे बसून गावात गेले. नाल्यावर सिमेंटचा रपटा झाला होता. दोन मुली त्यावरून सायकलवर गेल्या.

बाई घरासमोर बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, दृष्टी अधू. मी जवळ जाऊन बोलले तेव्हा आवाजावरून ओळखलं. "बाई आल्या," त्यांनी सुनेला हाक दिली.

मी कैच्यांबद्दल विचारलं. "रपटा झाला तवापासून नाई," त्या म्हणाल्या. "तोवर हिनंच बांधल्या. सा वर्षं."

सून तांब्या घेऊन आली होती. तिचेही केस पिकायला लागले होते. मी तिला म्हटलं, "सहा वर्षं एकटीनं?"

"दोघी-तिघी पोरी येत होत्या मदतीले," ती म्हणाली. "आता कायले लागते? वालाचा मांडव तेवढा बांधतो." तिने बोट दाखवलं. अंगणात मांडव होता. मी उठून एका खांबापाशी गेले. सुरुवात खुंट्याच्या गाठीने केलेली होती. ती गाठ तिच्याकडे कुठून आली हे तिला आठवत असेल किंवा नसेलही.

"पोरगी किती मोठी झाली?" बाईंनी विचारलं.

"नववीत आहे."

"मंग आता तुमची काळजी कमी झाली."

"वाढली," मी म्हटलं. त्या हसल्या.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. ताज्या मासोळीचा रस्सा आणि भात. त्या स्वतः काटे काढून नातवाच्या ताटात टाकत होत्या, डोळ्यांनी दिसत नव्हतं तरी बोटांना बरोबर काटा लागायचा. दोनला मी उठले. त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि तळव्यावरून अंगठा फिरवला. "मऊ झाले," त्या म्हणाल्या.

शिक्षकांनी मला रस्त्यावर सोडलं. तीनची बस आली. खिडकीजवळची जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेतली, तिकीट काढलं आणि मी झोपले. कंडक्टरने मूल गावच्या स्टँडवर, चंद्रपूरची बस धरायला, उठवलं तेव्हा बस जवळजवळ रिकामी होती.